छाटीचा अधिकार

सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे जेथे घरात तेलुगू बोलली जाते आणि दुकानाच्या पाटीवर मराठी लिहिली जाते त्या साखर पेठ, दत्तनगर, अशोक चौक या टापूत, सकाळचा स्वयंपाक आटोपून डोक्यावर पाटी किंवा काखेत पिशवी घेतलेल्या बायका जेव्हा विडी कारखान्याच्या शाखेकडे निघतात, तेव्हा त्यांच्या दिवसाचे खरे काम संपलेले असते आणि त्या कामाचा निवाडा तेवढा व्हावयाचा राहिलेला असतो. काम आदल्या दिवशीच झालेले असते. ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेली तेंदूची पाने पत्र्याच्या मापाने कात्रीत धरून कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू पसरायचा, पानाच्या तुकड्यात चिमूटभर तंबाखू भरून तो दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचा, तोंड दुमडून बंद करायचे, दोरा गुंडाळायचा, आणि पंचवीस विड्यांची एक जुडी याप्रमाणे चाळीस जुड्या झाल्या की हजाराचा आकडा पुरा होतो. या हजारात शाळेतून आलेल्या मुलीची बोटे किती आणि डोळे अधू झालेल्या सासूची किती, हा हिशेब कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो.

शाखेत एक लाकडी टेबल असते, टेबलामागे चेकर बसतो. तो जुडी हातात घेतो, वजन जोखतो, एखादी विडी चिमटीत दाबून पाहतो आणि जी पसंत पडणार नाही ती बाजूला टाकतो. या बाजूला टाकण्याला ‘छाट’ म्हणतात. अशा एका टेबलापाशी मी एकदा तासभर उभा होतो. पन्नाशीच्या एका बाईच्या विड्यांतून मूठभर छाट निघाली तेव्हा ती म्हणाली, “अण्णा, पानंच वाळकी दिली होती की ओ तुम्ही.” त्यावर चेकर मान वर न करता म्हणाला, “पान कंपनीचं आहे अक्का, हात तुमचा आहे.” बाई यावर काही बोलली नाही. मला मात्र वाटले की, मजूर कोण आणि मालक कोण या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात कित्येक वर्षे जो काथ्याकूट झाला, त्याचा सारा ऐवज त्या चार शब्दांत होता.

कारण हा व्यवहार बाहेरून पाहिला तर त्याला नोकरी म्हणणे कठीण आहे. बाई केव्हा उठते, केव्हा बसते, दिवसाला पाचशे वळते की हजार, हे कंपनी पाहत नाही. तिच्या घराला भोंगा नाही, फाटक नाही, हजेरीपट नाही. ती आज आली नाही तर तिला कोणी गैरहजर म्हणत नाही. एका वयस्क कारखानदारांनी मला मोठ्या काकुळतीने विचारले होते, “अहो, ज्या बाईच्या घराचा उंबरठा मी कधी ओलांडला नाही, त्या घराचा मी मालक कसा?” प्रश्न प्रामाणिक होता. किंबहुना, मालकवर्गाच्या बहुतेक कायदेशीर संकटांचे मूळ अशा प्रामाणिक प्रश्नांतच असते. लबाडीचे प्रश्न वकील आधीच सोडवून ठेवतात.

या कारखानदारांच्या डोळ्यांसमोर मालकपणाचे जे चित्र होते ते गिरणीने घालून दिलेले होते. सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी निघाली, तिला पुढे ‘जुनी गिरणी’ हेच नाव पडले. मागोमाग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर घड्याळ लावणारे एक शहर तयार झाले. गिरणीत मालक कोण हे विचारावे लागत नव्हते. तथापि तेथेही मालकाचा चेहरा मजुराला क्वचितच दिसे. त्याला दिसे तो जॉबर. कामावर घेणे, बदलीवाल्याला पाळी देणे, रजा मंजूर करणे, बसवून ठेवणे, ही सारी मुखत्यारी जॉबरच्या हाती, आणि ती वापरण्याची दस्तुरीही त्याच्याच खिशात. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. मालकाने आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊन आपली जबाबदारी मात्र धुक्यात ठेवावी, ही युक्ती विडीच्या ठेकेदाराने शोधून काढली असे जे समजतात, त्यांनी गिरण्यांचा इतिहास वाचावा.

त्या इतिहासाचे एक पान तर असे आहे की ते वाचताना आजही मान खाली जाते. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली ज्या लोकांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभारण्यात आली. स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यातील या वसाहतींचे प्रमुख होते, आणि वसाहतीतील माणसांना उद्योगाला लावून सुधारावे असे सरकारचे धोरण होते. उद्योग म्हणजे अर्थात गिरणी. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला कैद्यांना काम हवे होते. दोघांची सोय झाली. हा मजूर गिरणीत हजेरी देई आणि परतल्यावर वसाहतीत हजेरी देई. नोकरीचा करार म्हणजे दोन स्वतंत्र पक्षांची खुशीची कबुलायत, असे कायद्याचे पुस्तक सांगत असताना सोलापुरात अशी माणसे साच्यावर उभी होती की ज्यांना काम सोडून गावाबाहेर जाण्याची मुभा नव्हती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

विडीच्या धंद्यात मालक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे स्वातंत्र्यानंतर लवकरच आला. १९५८ सालच्या चिंतामण राव खटल्यात प्रश्न होता तो सट्टेदारांचा, म्हणजे कंपनीकडून पाने-तंबाखू घेऊन, बाहेर माणसांकडून विड्या वळवून आणून कंपनीला पुरवणाऱ्या मधल्या माणसांचा. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवले, कामगार ठरवले नाही. मालकवर्गाला हायसे वाटले असणार. पण तीनच वर्षांनी, १९६१ साली, नागपूरच्या बिरधीचंद शर्मा यांच्या विडी कारखान्याचा खटला उभा राहिला आणि प्रश्नाला निराळीच कलाटणी मिळाली. तेथील मजूर कारखान्यात येऊन विड्या वळीत, पण वेळेचे बंधन नव्हते. मनाला येईल तेव्हा यावे, मनाला येईल तेव्हा जावे, मजुरी हजारावर. सवेतन रजेची मजुरी मागितल्यावर मालकाने हरकत घेतली की, ज्यांच्यावर माझी देखरेख नाही ते माझे कामगार नाहीत. न्यायालयाने या हरकतीला जे उत्तर दिले ते अतिशय साधे होते: नियंत्रणाचे स्वरूप कामागणिक बदलते, विडी वळणाऱ्याच्या डोक्यावर दिवसभर उभे राहण्याची कोणालाही गरज नसते, दिवसअखेर ठरावीक दर्जाची नसलेली विडी नाकारण्याचा हक्क ज्याने राखून ठेवला आहे, त्याने तेवढ्यानेच पुरेसे नियंत्रण राखले आहे.

म्हणजे ज्या छाटीला बायका शिव्या देतात, तीच छाट त्यांच्या कामगारपणाचा दाखला ठरली. मालकाने माल वाचवण्यासाठी हातात ठेवलेले हत्यारच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन गेले. कायद्याच्या इतिहासात असे प्रसंग थोडे असतात, आणि विडीसारख्या क्षुल्लक वस्तूच्या निमित्ताने तर फारच थोडे.

पुढे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. लवकरच शंकर बालाजी वाजे यांच्या खटल्यात, कामावर येण्याचे बंधनच नसलेल्या मजुराला बहुमताने कामगार मानण्यात आले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. १९६४ साली मद्रासकडील दिवाण मोहिदीन साहेब यांच्या खटल्यात काटा पुन्हा फिरला: तेथे कंपनी आणि मजूर यांच्यामध्ये जे ठेकेदार उभे केले होते त्यांना स्वतःची ना ऐपत होती ना स्वातंत्र्य, ते नावाचे ठेकेदार, वस्तुतः कंपनीचेच हस्तक, आणि म्हणून त्यांच्याकडील मजूर कंपनीचेच मजूर, असा निर्णय झाला. एका धंद्यासंबंधी सहा-सात वर्षांत चार निकाल, आणि प्रत्येकाची दिशा थोडी निराळी. अखेर संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला, घरी बसून वळणारी बाईदेखील कामगार आहे असे स्पष्ट लिहिले, ठेकेदारामागच्या मुख्य मालकाला जबाबदार धरले आणि प्रसूतीच्या लाभापर्यंतचे हक्क तिच्या घरापर्यंत पोचवले. घरात नियंत्रण ठेवता येत नाही, मग जबाबदारी कशी, ही कारखानदारांची तक्रार १९७४ सालच्या मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. कायदा वैध ठरला. महाराष्ट्राच्या नियमांनी तर छाटीवरही मर्यादा घातली: सर्वसाधारणपणे शेकडा ५ विड्यांपेक्षा अधिक छाट काढू नये.

त्या कायद्यातले एक कलम मला नेहमी मोठे मासलेवाईक वाटत आले आहे. स्वतःच्या राहत्या घरात, स्वतःवर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या मदतीने जो विड्या वळतो त्याला हा कायदा लागू नाही, असे ते कलम म्हणत असे. आणि लगेच पुस्ती जोडीत असे की, हा घरवाला दुसऱ्या कोणा मालकाचा कामगार नसेल तरच. पहिले वाक्य वाचून ज्या मुनिमाने पुस्तक मिटले, त्याने आपल्या शेठजींना पुढे किती खड्ड्यात घातले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कारण सोलापुरात असा एखादा धूर्त सल्ला मधूनमधून निघतोच की, बायकांना पाने-तंबाखू ‘विकावा’ आणि विड्या त्यांच्याकडून ‘विकत घ्याव्या’. दोन पावत्या झाल्या की मजुरी नाहीशी होते आणि व्यापार उरतो. पावत्या कितीही नीट लिहिल्या तरी टेबलामागे चेकर बसलेला असतो. ज्या विक्रेत्याला दर सांगता येत नाही, दुसऱ्याला माल देता येत नाही आणि नाकारलेला माल घरी नेता येत नाही, त्याला व्यापारी म्हणणे हा भाषेवरचा अन्याय आहे. कायद्यावरचा तर आहेच.

कामगारपण सिद्ध होणे याचा व्यावहारिक अर्थ वहीत नाव लागणे. नाव लागले की भविष्यनिर्वाह निधी आला, उपदान आले, १९७६ च्या उपकरातून उभ्या राहिलेल्या कल्याण निधीचा दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती आली. घरकुलही याच वाटेने आले: शहराबाहेर कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार बायकांची जी सहकारी वसाहत झाली, कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी जिच्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तिच्यातील सुमारे दहा हजार घरे २००६ साली देण्यात आली. एवढी घरे एकाच धंद्यातील बायकांच्या मालकीची, हे दृश्य पाहण्यासारखे आहे. आणि त्या घरांच्या ओटीवर आजही सूप मांडीवर घेऊन कोणी ना कोणी बसलेले असते. म्हणजे मजुरांसाठी बांधलेले घर पहिल्या दिवसापासून कारखान्याचाही भाग होऊन बसले. ज्यांचे नाव वहीत नाही, त्या मात्र शेजारणीच्या कार्डावर विड्या देतात आणि मिळेल ती मजुरी घेतात. अशा बिनकार्डाच्या बायकांची गणती कंपनीच्या दप्तरात नसली तरी त्यांच्या विड्यांची असते.

यंत्रमागाकडे वळले की हाच प्रश्न दुसऱ्या वेषात भेटतो. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, देशोदेशी त्यांचे नाव झाले. पण ज्या शेडमध्ये ते विणले जातात तेथे कायद्याला आत शिरायचे तर आधी माणसे मोजावी लागतात. १९४८ च्या कारखाना कायद्याचा उंबरठा विजेवर चालणाऱ्या कामाला १० मजुरांचा होता, भविष्यनिर्वाह निधीचा २० चा. मग एका छपराखालच्या मागांची वाटणी भाऊ, भावजय, मुलगा आणि जावई यांच्या नावे होते. वीजमीटर चार, पाट्या चार, गल्ला एक. मी या मालकांना सरसकट लबाड म्हणायला तयार नाही. पूर्वभागातील पुष्कळ मागवाले स्वतःच कालपर्यंत दुसऱ्याच्या मागावर विणत होते. सुताचा भाव त्यांच्या हातात नाही, तयार मालाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात आहे, आणि मध्ये उरणारी फट म्हणजे मजुरी. तथापि निधीच्या प्रश्नावर या शहरात वर्षानुवर्षे जो संघर्ष गाजला त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली: सूत कोणाचे, माल कोण उचलतो, कामगार एका मागावरून दुसऱ्यावर कोणाच्या सांगण्याने जातो, एवढे विचारले की चार पाट्यांमागची एक भिंत दिसू लागते. येथेही कापडाला भोक सापडले तर मजुरी कापणारा हात एकच असतो.

मजुराला धरून ठेवण्याचे मागवाल्याचे साधन म्हणजे ‘बाकी’. लग्नाला, आजारपणाला, घराच्या पत्र्यांना म्हणून दिलेली उचल वर्षानुवर्षे फिटत नाही आणि कामगार दुसऱ्या मालकाकडे गेला तर नवा मालक जुन्याची बाकी भरून त्याला जणू सोडवून नेतो. बाकी हा मूळ अरबी शब्द मराठीत शिल्लक असाही अर्थ देतो. पूर्वभागातील तेलुगूत त्याला कर्ज एवढाच अर्थ उरला आहे, आणि मला तो अर्थ अधिक खरा वाटतो. मालकाला ती गडीमाणसाला केलेली मदत वाटते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा मात्र दिलेल्या पैशाकडे पाहत थांबत नाही. ते फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे जाण्याची मुभा होती की नव्हती हे विचारतो, आणि या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत उत्तर सापडत नाही.

घर आणि कारखाना यांच्यातली भिंत नाहीशी झाली म्हणजे काय होते, ते १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरने पाहिले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचे कुटुंब आणि काही कामगार त्याच इमारतीत राहत होते. ८ माणसे गेली, त्यांत मालकाच्या घरची होती तशी कामगारही होते. सुरक्षिततेचे नियम हा मजुराच्या बाजूने मालकावर लादलेला जाच, असे बोलण्याची आपल्याकडे रूढी आहे. त्या पहाटे जिन्यात मालक आणि मजूर असा भेद राहिला नव्हता.

छाटीच्या टेबलाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल शाखेत कोणी मोठ्याने बोलत नाही. जेथे एका पुरुषाच्या मर्जीवर शंभर बायकांची रोजची मजुरी अवलंबून असते, आणि त्या मर्जीला लेखी कारण द्यावे लागत नाही, तेथे ती मर्जी केवळ विडीच्या दर्जापुरती राहील असे समजणे भाबडेपणाचे आहे. १९९७ च्या विशाखा निकालातून निघालेला २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा यासाठीच कामाच्या जागेच्या व्याख्येत राहते घरही धरतो. १० किंवा अधिक माणसे कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, बाहेरचा एक सदस्य. माणसे त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागायची, तीन महिन्यांच्या मुदतीत. पण १० माणसे मोजताना शाखेत टेबलापाशी बसणारे चार कारकून मोजायचे की त्यांच्यापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकाही? मी पाहिलेल्या एका शाखेत समितीची नावे भिंतीवर लावलेली होती. ती सारी मुख्य कचेरीतील होती, इंग्रजीत होती, आणि फळा चेकरच्या पाठीमागे होता.

कज्जा करायचा तरी पहिला अडथळा पुन्हा तोच. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध दाद देणारा १९७१ चा कायदा मोठा उपयोगी मानला जाई; परंतु २००१ सालच्या सिप्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ठेकेदाराकडील कामगार आणि कंपनी यांचे नातेच वादग्रस्त असेल तर ते आधी दुसऱ्या न्यायपीठापुढे सिद्ध करावे, मग या कायद्याखाली यावे. म्हणजे अन्याय झाला की नाही हे पाहण्याआधी, अन्याय करणारा आपला कोण लागतो, हे ठरवण्यात उमेदीची वर्षे जायची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. १९६६ चा विडी कायदाही त्यांतच गेला. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे असे आता सांगितले आहे. कारखान्याचा उंबरठा विजेच्या कामाला १० वरून २० वर आणि विजेविना चालणाऱ्या कामाला २० वरून ४० वर गेला आहे, त्यामुळे पूर्वभागातील कितीतरी शेडना आता चार पाट्यांचीही गरज पडणार नाही. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरबसल्या काम करणाऱ्यांची स्वतंत्र व्याख्या आली: मालकासाठी, मोबदला घेऊन, आपल्या घरी वस्तू तयार करणारा, साहित्य मालकाने दिलेले असो वा नसो. असंघटित कामगाराच्या व्याख्येत हा घरबसल्या काम करणारा धरलेला आहे. विडी वळणारी बाई इतके दिवस कंपनीची कामगार म्हणून निधी आणि उपदान मागत होती. उद्या एखादा चतुर मुनीम म्हणेल की ती आता असंघटित, तिने सरकारी योजनेकडे पाहावे. व्याख्येत ‘मालकासाठी’ हा शब्द आहे तोवर त्याचा मार्ग सोपा नाही. पण वकिलांना काम पुरेल.

त्या वयस्क कारखानदारांना मी टेबलापाशी पाहिलेली हकिकत सांगितली आणि विचारले, छाट काढणे बंद केले तर चालेल का? ते दचकले. “छे, छे! मग मालाची अब्रू काय राहील?” थोडा वेळ ते गप्प बसले आणि मग मुनिमाला हाक मारून त्यांनी त्या शाखेची छाटीची वही मागवली. वहीत तारखा होत्या, बायकांचे कार्डनंबर होते, छाटीचे आकडे होते. कारणाचा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता.